एकाच गुडघ्याला तेल

मॅडमना खुर्चीत निवांत बसलेलं मी जवळपास पाहिलंच नाही. नगरच्या आमच्या आरोग्य विभागाच्या ऑफिसात त्यांना टेबल होतं, खुर्ची होती, खुर्चीच्या पाठीवर शिपायानं मानानं टॉवेलसुद्धा टाकला होता. त्या सकाळी आल्या की टेबलावर पर्स ठेवायच्या आणि व्हरांड्यात फेऱ्या घालायला लागायच्या. एका टोकाला लसींचे फ्रीज, दुसऱ्या टोकाला पिण्याच्या पाण्याची टाकी. मला काही विचारायचं झालं तर लॅपटॉप उघडा हातावर तोलत त्यांच्या बरोबरीनं चालावं लागायचं. चहासुद्धा त्या चालता चालता प्यायच्या आणि जिथं संपेल तिथं कप ठेवून द्यायच्या. संध्याकाळी शिपाई खिडक्यांतून, फ्रीजवरून, जिन्याच्या कठड्यावरून कप गोळा करत फिरायचा आणि स्वतःशीच काहीतरी बोलायचा.

त्या मूळच्या संगमनेरच्या. आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, रिटायर झाल्या, आणि मग विभागानं एका अभ्यासासाठी त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. मी तिथं कंत्राटावर होते. दवाखान्यांतून येणारी माहिती कॉम्प्युटरवर नीट लावणं हे माझं काम. कर्जतहून येऊन मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते. पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, "तू नगरला का आलीस?"

"नोकरीसाठी."

"नोकरी मिळाली म्हणून आलीस, की घर सोडायचंच होतं म्हणून नोकरी शोधलीस?"

मी विचारात पडले. उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर त्या पाण्याच्या टाकीपाशी पोचल्या होत्या.

त्यांचे दोन्ही गुडघे दुखायचे. लेखा शाखेतल्या एका बाईंनी त्यांना शेवगावकडच्या कुणा वैद्याचं तेल आणून दिलं. मॅडमनी ते अगदी मनापासून लावलं, पण फक्त डाव्या गुडघ्याला. म्हणाल्या, "दोन्हीला लावलं आणि बरं वाटलं, तर तेलानं वाटलं की थंडी संपली म्हणून वाटलं, हे कसं कळायचं?" उन्हाळा लागला तसे दोन्ही गुडघे सारखेच हलके झाले. दुसरी कुणी खूश झाली असती. मॅडम कितीतरी दिवस नाराज होत्या. तेल चोळलेला हात चुकून उजव्या गुडघ्यालाही लागला असेल का, ही शंका त्यांना नंतरही छळत राहिली. तेल देणाऱ्या बाईंनी मात्र त्यांच्याशी बोलणं सोडलं ते सोडलंच.

आमच्या साहेबांच्या घरी एकदा सत्यनारायण होता. साहेबांच्या पत्नी नव्या सुनेचं कौतुक करत होत्या, "हिच्या पायगुणानं आमचं सगळं चांगलं झालं बघा." मॅडम प्रसादाची वाटी हातात घेऊन हॉलभर फिरत होत्या. फिरता फिरता थांबल्या. "पण तुमचं आधीच चांगलं चाललं होतं म्हणून अशी सून मिळाली, असंही असेल ना?" साहेब तेवढे हसले. सूनही हसली असावी, कारण तिनं पदर तोंडाशी नेलेला मी पाहिला. मॅडमना त्या घरचं आमंत्रण पुन्हा आलं नाही, आणि ते का आलं नाही याच्या दोन-तीन शक्यता त्यांनी मला परतीच्या रस्त्यावर सांगितल्या.

अशा बाईंवर फिरत्या दवाखान्याचा निकाल लावायचं काम आलं.

कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की कोपरगाव, राहाता भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. काही बाहेरच्या जिल्ह्यांतून, काही आमच्याच जिल्ह्याच्या पूर्वेकडून, पाथर्डीच्या माळावरून. रस्त्याच्या कडेनं पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्या उभ्या राहतात. बाया पहाटे फडात जातात, तोडलेल्या उसाचा पाला साळतात, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीत चढवतात. त्यांतल्या कितीतरी गरोदर असतात. त्यांच्यासाठी विभागानं एक गाडी सुरू केली होती. गाडीत डॉक्टर, गोळ्या, वजनकाटा आणि शबाना सिस्टर. डॉक्टर बदलत राहायचे, सिस्टर मात्र पहिल्या दिवसापासून होत्या. बाया गाडीला 'दवाखान्याची गाडी' म्हणायच्याच नाहीत, 'शिस्टर आल्या' म्हणायच्या.

दोन हंगाम झाल्यावर वरून विचारणा आली. ज्या वस्त्यांवर गाडी जात होती तिथली बाळं, गाडी न जाणाऱ्या वस्त्यांपेक्षा जास्त अशक्त जन्मत होती. गाडीचा उपयोग नाही असा त्याचा सरळ अर्थ लावला गेला, आणि एका बैठकीत तर ती अपायकारकच असल्याचं कुणीतरी बोललं. साहेबांनी मॅडमना बोलावलं.

मॅडमनी एवढंच विचारलं, "गाडी कुठं पाठवायची हे कोण ठरवतं?"

"आम्हीच. जिथं हाल जास्त, तिथं."

"मग गाडी गेली म्हणून हाल झाले, की हाल होते म्हणून गाडी गेली?"

साहेबांना ते पटलं, पण वर पाठवायला त्यांना कागद हवा होता. तो आम्ही करायला बसलो, म्हणजे मी बसले आणि मॅडम चालत राहिल्या.

रिग्रेशन हा शब्द मी कॉलेजात ऐकला होता, पाठही केला होता. तो मला कळला तो वस्त्या बघायला जाताना, पुणतांब्याजवळच्या रेल्वे फाटकावर. फाटक बंद होतं. जीप थांबली की मॅडम खाली उतरायच्या, हा नियमच होता. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता. त्यांनी एका फडाकडे बोट केलं. "हा बघ पाटाच्या पाण्याचा. आणि तो तिकडचा, चढावरचा. समज, चढावरच्या शेतकऱ्यानं नवं खत घातलं. तरी त्याचा ऊस याच्यापेक्षा बुटकाच. खत वाईट म्हणशील?"

"नाही. पाणी कमी आहे त्याला."

"मग आधी पाण्याचा वाटा बाजूला काढायचा. जमिनीचा काढायचा. लागवड कधी झाली त्याचा काढायचा. सगळं सारखं असतं तर खतानं किती फरक पडला असता, ते बघायचं. रिग्रेशन तेवढंच करतं." रेल्वे धडधडत गेली. तिचा आवाज ओसरायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, "पण पाण्याची नोंद तुझ्याकडे असली तरच. जे लिहिलंच नाही, ते बाजूला कसं काढशील?" मग त्या फाटक ओलांडून रस्त्यानं चालायला लागल्या. जीप मागून येईल हे त्यांनी गृहीत धरलेलं असायचं.

आम्ही बाईचं वय धरलं, कितवं बाळंतपण ते धरलं, हंगामाच्या सुरुवातीला तिचं वजन आणि रक्त किती होतं ते धरलं, वस्तीपासून सरकारी दवाखाना किती लांब ते धरलं. चित्र उलटलं. सारख्या परिस्थितीतल्या बाया शेजारी ठेवल्या तर गाडीच्या वस्त्यांवरची बाळं जास्त भरदार निघत होती. साहेब खूश झाले. उत्साहात त्यांनी एक सूचनाही केली, "हंगामाच्या शेवटचं रक्ताचं प्रमाणही धरा की. अजून पक्कं होईल."

मॅडम दारापर्यंत गेलेल्या परत फिरल्या. "साहेब, गाडी गोळ्या देते. गोळ्यांनी रक्त वाढतं. रक्त वाढलं की बाळ भरतं. शेवटचं रक्त सारखं असलेल्या बाया घेतल्यात तर गाडीनं केलेलं कामच तुम्ही पुसून टाकाल, आणि मग म्हणाल की हिनं काहीच केलं नाही."

साहेबांनी मान हलवली. मसुदा तयार झाला. शबाना सिस्टरनी डबाभर शेवया करून आणल्या आणि आम्ही त्या टेबलावर कागद पसरून खाल्ल्या. मॅडमनी उभ्यानंच खाल्ल्या. तेवढ्यापुरत्या त्याही समाधानी दिसल्या.

ते टिकलं नाही. दुसऱ्याच दिवसापासून त्यांच्या फेऱ्या वाढल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "फार चांगलं आलंय. मला इतकं चांगलं आवडत नाही." तयार मसुदा त्यांनी माझ्याकडून परत मागून घेतला. मग मला घेऊन पुन्हा वस्त्यांवर निघाल्या. काय शोधतोय हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. कोप्यांच्या मधून चालायच्या, कुणाच्या चुलीपाशी वाकून काय शिजतंय ते बघायच्या, मुकादमाला विचारायच्या की टोळीतली कोणती जोडी आता इथं नाही. मुकादम वैतागायचे.

एका दुपारी कोपरगावच्या पुढे, एका वस्तीवर गाडी उभी होती. सिस्टर एका बाईला रागवत होत्या. "सातवा लागलाय तुला आनि मोळ्या उचलतीस. सासूला सांग, शिस्टरनी गावाकडं जायला सांगितलंय. तिकडंच सरकारी दवाखान्यात नाव घाल." बाई गेल्यावर आमच्याकडे वळून म्हणाल्या, "लई अशक्त असली की मी हितं ठिवूनच घेत न्हाई. मागं लागून लागून गावी धाडते. हितं राह्यली तर फडातच बाळंत व्हायची."

मॅडम एकदम थांबल्या.

"आणि त्यांची बाळं? त्यांची वजनं कुणाकडे असतात?"

"तिकडंच. त्यांच्या गावाकडं."

आमच्याकडे नोंदी होत्या त्या हंगामात, या भागात झालेल्या बाळंतपणांच्या. सिस्टरनी सगळ्यांत अशक्त बाया घरी पाठवल्या, म्हणजे त्यांची अशक्त बाळं आमच्या मोजणीतून निघून गेली. गाडी न जाणाऱ्या वस्त्यांवर असं मागं लागणारं कुणी नव्हतं, म्हणून तिथली अशक्त बाळं मोजली गेली. आमचं भरदार चित्र कितपत गोळ्यांचं होतं आणि कितपत सिस्टरच्या या आग्रहाचं, ते आता कळत नव्हतं. मी हे सिस्टरना जमेल तसं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे बायांना घरी धाडलं ते माझं चुकलं?"

"तुमचं बरोबरच आहे," मॅडम म्हणाल्या. "माझी मोजणी चुकली."

"मग तुमची मोजनी तुमच्यापाशी ठिवा की मॅडम. कागद चांगला झालाय, जाऊ द्या. गाडी बंद पडली तर ह्या बायांनी कुनाच्या दारात जायचं?"

मॅडम वळल्या. त्या पाटाच्या कडेनं लांबवर चालत गेल्या. सिस्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला तरी पटतंय का ह्ये?" मला पटत होतं आणि नकोही होतं. मी रजिस्टर उघडल्यासारखं केलं.

हंगाम संपल्यावर आम्ही पूर्वेकडच्या गावांत गेलो, घरी परतलेल्या बाया शोधायला. सिस्टर मॅडमशी बोलत नव्हत्या, पण आल्या. बाया आपल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. उन्हाचा तडाखा होता. माळावर दगडाशिवाय काही दिसत नव्हतं, आणि त्या दगडांतून मॅडम आमच्या पुढे चालत होत्या. गावोगाव बाया भेटल्या. काहींची बाळं अंगावर खेळत होती, काहींची किरकिरी होती. दवाखान्याचे कागद असतील तिथं मी वजन उतरवून घेत होते.

पाथर्डी तालुक्यातल्या एका गावात कमल नावाची बाई होती. विशी-बाविशीची. पत्र्याच्या सावलीत बाजरी निवडत बसली होती. सिस्टरना बघून उठली, पाणी आणलं.

"कमल, पोरगी झाली का पोरगा?" सिस्टरनी विचारलं.

"पोरगी हुती," ती म्हणाली. "लई बारीक हुती. न्हाई टिकली."

सिस्टर खाली बघायला लागल्या. मी पेन टोपणात घातलं. कमलनं सूप बाजूला ठेवलं आणि तिनंच विचारलं. सिस्टरना नाही, मॅडमना. वयानं मोठ्या म्हणून असेल.

"बाई, मी तिथंच राह्यले असते, शिस्टरच्या गाडीपाशी, तर टिकली असती का?"

हा प्रश्न मॅडम रोज विचारायच्या. तेलाला, सुनेला, गाडीला, सगळ्या जगाला त्या हेच विचारत आल्या होत्या की तसं झालं नसतं तर काय झालं असतं. आता तो समोरून आला होता. मॅडमनी कमलचा हात हातात घेतला.

"तुझ्या एकटीचं मला कधीच सांगता येणार नाही गं," त्या म्हणाल्या. "शंभर बायांचं मिळून मी काहीतरी सांगू शकते. तुझं नाही. पण तू दवाखाना जवळ केलास ते बरोबर केलंस. तुझ्या हातून काही चुकलेलं नाही."

कमलनं मान हलवली. तिला काय समजलं, किती समजलं, ते मला माहीत नाही. निघताना तिनं सिस्टरच्या गळ्यात पडून रडून घेतलं.

आम्ही जीपनं परत निघालो. तिसगाव मागे पडल्यावर सिस्टर म्हणाल्या, "न्हाई टिकली असती, असं म्हनायचं हुतं मॅडम. खोटं तर खोटं. पोरीला झोप तरी लागली असती."

"मला म्हणता आलं नाही," मॅडम म्हणाल्या.

"आनि तिला घरी धाडनारी मी."

मॅडमनी मागे वळून सिस्टरच्या गुडघ्यावर हात ठेवला. सिस्टरनी तो काढला नाही. त्या दिवशी करंजीच्या घाटात ट्रक अडकून सगळी वाहनं खोळंबली होती. मॅडम पहिल्यांदाच गाडीतून उतरल्या नाहीत.

सापडलेली सगळी बाळं धरून मी पुन्हा हिशेब केला. गाडीचा गुण पार गेला नाही, पण पुष्कळ उतरला. गाडीनं फायदा होतो असं म्हणायला जागा होती. तो नुसता योगायोग आहे असं कुणी म्हटलं, तर त्याला खोटं पाडता येईल इतका पुरावा मात्र नव्हता. मॅडमनी तसंच लिहायला लावलं. मी म्हटलं, पहिला मसुदाही काही खोटा नव्हता. त्या म्हणाल्या, "आता खोटा झाला. आता आपल्याला माहीत आहे."

बैठकीला वरचे अधिकारी आले होते. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या. मॅडम खुर्च्यांच्या मागून येरझाऱ्या घालत सगळं सांगत होत्या आणि माणसं माना वळवून वळवून थकत होती. साहेबांनी दोनदा बसायला सांगून पाहिलं. शेवटी त्यांच्यातल्या मुख्य अधिकाऱ्यांनी फाईल मिटली. "मॅडम, एका वाक्यात सांगा. गाडी चालू ठेवायची की बंद करायची?"

"ते ठरवणं तुमचं काम आहे," मॅडम म्हणाल्या. "चालू ठेवलीत तर या आकड्यांनी सिद्ध झालं म्हणून ठेवू नका. बंद केलीत तर हे आकडे पुढे करून करू नका. आकड्यांनी यातलं काहीच म्हटलेलं नाही."

"म्हणजे इतका खटाटोप करून तुम्हाला काहीच माहीत नाही."

"एक माहीत आहे. त्या बाया इकडे येतात तेव्हाच अशक्त असतात. जिचं रक्त आल्या दिवशी कमी, तिचं बाळ हलकं. गाडी असो वा नसो. आपण त्यांना ऊस तोडायला लागल्यावर भेटतो. त्या घर सोडायच्या आधी आपल्यापैकी कुणी त्यांच्या दारात जात नाही."

 साहेब लिहून घेताना दिसले. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या शबाना सिस्टर मॅडमकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग मावळलेला होता असं मी म्हणणार नाही. पण बैठक सुटल्यावर सिस्टरच मॅडमसाठी चहा घेऊन गेल्या.

गाडी बंद झाली नाही. तिच्या फेऱ्या कमी झाल्या, आणि त्यातून मोकळी झालेली माणसं साहेबांनी पूर्वेकडे लावली. पावसाळा सरता सरता, टोळ्या निघायच्या आधी, गावातच गरोदर बायांची तपासणी आणि गोळ्या. सिस्टरना तिकडची जबाबदारी मिळाली. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या आणि म्हणाल्या, सगळ्या गावांत एकदम सुरू करू नका, आधी निम्म्या गावांत करा, म्हणजे फरक कळेल. साहेबांनी हात जोडले. "राहिलेल्या निम्म्या गावांना मी काय तोंड दाखवू, मॅडम?" त्यावर त्या वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्या थोडा वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या, "तेही खरंच," म्हणाल्या आणि बाहेर आल्या. पुढच्या वर्षी त्यांची मुदत वाढवली गेली नाही. कुणी कारण सांगितलं नाही, आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी विचारलंही नाही. पर्स उचलून त्या संगमनेरला गेल्या.

यंदाचा हंगाम संपल्यावर मी नवी माहिती लावली. पाथर्डीकडच्या बायांची बाळं गेल्या काही वर्षांत नव्हती इतकी चांगली भरली होती. कमलला मुलगा झाला होता. सिस्टरनी त्याचा फोटो मोबाईलवर पाठवला, दुपट्यात गुंडाळलेला, रडून लाल झालेला. मला राहवेना. मी मॅडमना फोन लावला. मागून रस्त्याचा आवाज येत होता, म्हणजे त्या चालतच होत्या. मी भराभर सगळं सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिकडे पाऊस कसा झाला होता?"

"चांगला झाला होता."

"बाजरी झाली असेल मग. घरात दूधही असेल."

"असेल."

"आणि यंदा कमी लोक गेले असतील तोडीला."

"गेले असतील, मॅडम."

पलीकडे त्यांच्या पावलांचा आवाज येत राहिला. मला वाटलं आता त्या एकेक करून सगळं बाजूला काढायला सांगणार. मी लॅपटॉप ओढून घेतलासुद्धा.

"कमलचा मुलगा दूध ओढतो का नीट?" त्यांनी विचारलं.

"ओढतो म्हणे. सिस्टर सांगत होत्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "फार बरं झालं. कशामुळं झालं, ते उद्या बघू."